दात वयाने पडत नाहीत

(सोलापुरात चळवळीच्या मासिक बैठकीत केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

 



मागच्या बैठकीत आपण शिष्यवृत्तीच्या अर्जांवर बोललो. त्याआधी मतदार यादीवर बोललो. आज विषय हिरड्यांचा आहे म्हटल्यावर एका मित्राने मला बाहेरच गाठलं आणि विचारलं, "अरे, चळवळीचा आणि दातांचा काय संबंध?" प्रश्न रास्त आहे. त्याने विचारला नाही असा आणखी एक प्रश्न आहे. मी डॉक्टर नाही. इंजिनिअरिंग शिकलो, पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो. मग मी यावर का बोलावं?

कारण हा आजार मी माझ्या घरात पंधरा वर्षं पाहिला आणि तो आजार आहे हे आमच्यापैकी कुणालाही कळलं नाही. आज मी सांगणार आहे त्यातलं अर्धं घरात पाहिलेलं आहे. उरलेलं अर्धं नंतर वाचून आणि दंतवैद्यांना विचारून समजून घेतलेलं आहे. औषध मी सांगणार नाही, ते डॉक्टरांचं काम आहे.

माझे अब्बा याच शहरात यंत्रमागावर कामाला होते. रात्रपाळीत झोप येऊ नये म्हणून गालात तंबाखू-चुना. तेव्हा तो सगळ्यांच्याच गालात असायचा. पण दिवसपाळीच्या आठवड्यात, मगरिबच्या नमाजनंतर आमच्या घरात मोहल्ल्यातली पंधरा-वीस मुलं जमायची. अब्बा त्यांना आधी कायदा आणि मग कुरआन शिकवायचे. फी काही नाही. उच्चाराच्या बाबतीत मात्र फार कडक. ‘से’ वेगळा, ‘सीन’ वेगळा. ‘से’ म्हणताना जिभेचं टोक वरच्या पुढच्या दातांच्या कडेला टेकलं पाहिजे. ‘जाल’ आणि ‘जोय’ यांचंही तसंच. ‘फे’ला खालचा ओठ वरच्या दातांना लागला पाहिजे. मीही तिथेच शिकलो.

सकाळी ब्रश करताना अब्बांच्या थुंकीत रक्त दिसायचं. अम्मी म्हणायची, "गरमी हुई होंगी." मग ताक, मग सब्जा. पुढे हिरड्या खाली सरकल्या, दात लांब दिसायला लागले, मधल्या फटी वाढल्या. तोंडाला वास यायचा. मुलं थोडी मागे सरकून बसायची, हे मला आज आठवतं, तेव्हा लक्षात आलं नव्हतं. दात हलायला लागल्यावर अब्बाच म्हणाले, "उमर हुई की अब, दातां हिलतेच." तेव्हा त्यांचं वय होतं त्रेपन्न.

छप्पन्नाव्या वर्षी ज्वारीच्या भाकरीच्या तुकड्याबरोबर पुढचा एक दात हातात आला. दुखलं नाही, रक्तही फारसं आलं नाही. तीन वर्षांत वरचे चार पुढचे दात गेले. आणि मग ‘से’ जमेना. ‘फे’ म्हणताना नुसती हवा जायची. एके दिवशी एका लहान मुलाने अब्बा म्हणतात अगदी तसंच म्हणून दाखवलं आणि बाकीची मुलं हसली. त्या पोराचं काही चुकलं नव्हतं, उस्तादांनी म्हटलं तसंच त्याने म्हटलं. अब्बा रागावले नाहीत. पुढच्या आठवड्यात त्यांनी मुलांना सांगितलं, आता मशिदीत मौलवीसाहेबांकडे जा. वीस वर्षं चाललेलं शिकवणं असं बंद झालं. घरात त्याला कुणी आजार म्हटलं नाही.

याच काळात अब्बांना मधुमेह होता. नऊ वर्षं गोळ्या चालू होत्या आणि साखर काही केल्या आवरत नव्हती. डॉक्टर चांगले होते. जेवण विचारायचे, पाय तपासायचे, डोळे तपासून घ्या म्हणायचे. साखर वाढली की गोळी वाढायची. तोंड उघडून बघा, असं कधी कुणाच्या मनात आलं नाही. त्यांच्याही नाही, आमच्याही नाही.

मग बत्तिसाव्या वर्षी पुण्यात माझ्या स्वतःच्या बेसिनमध्ये लाल थुंकी पडली. आमच्या कामात सिस्टीम बंद पडण्याच्या आधी बरेच दिवस इशारे देत असते. ते न वाचणाऱ्याला आम्ही बेजबाबदार म्हणतो. मी तो इशारा सहा महिने वाचला नाही. ज्या बाजूला रक्त येतं त्या बाजूला ब्रश हळू फिरवायला लागलो, इतकंच. शेवटी दंतवैद्याकडे गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, "तुमचं वेळेत आहे. घरात कुणाचे दात लवकर पडलेत का?" मी अब्बांचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्यांना घेऊन या. उरलेले तरी वाचवू."

आता त्यांनी मला जे समजावलं ते सांगतो.

आपण कितीही चूळ भरली तरी दातांवर काही तासांत जंतूंचा एक पातळ, चिकट थर तयार होतो. त्याला प्लाक म्हणतात. तो पाण्याने जात नाही, घासूनच काढावा लागतो. नाही काढला तर लाळेतल्या क्षारांनी तो कडक होतो, दगडासारखा. त्यालाच आपल्याकडे कीटण म्हणतात. कीटण ब्रशने निघत नाही, ते दंतवैद्याच्या हत्यारानेच निघतं. आणि त्याच्या खरबरीत पृष्ठभागावर नवा थर आणखी सहज बसतो.

दात आणि हिरडी जिथे भेटतात तिथे एक बारीक खाच असते. थर तिथे साचला की शरीर त्याच्याशी लढायला लागतं. हिरडी लाल होते, सुजते, हात लागला की रक्त येतं. ही पहिली पायरी, जिंजिव्हायटिस. इथपर्यंत सगळं परत फिरतं. १९६५ साली डेन्मार्कमधल्या आरहूस इथे हॅरल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग केला. निरोगी हिरड्यांच्या बारा जणांना दात घासणं पूर्ण बंद करायला सांगितलं. दहा ते एकवीस दिवसांत बाराही जणांच्या हिरड्या सुजल्या. घासणं पुन्हा सुरू केलं आणि साधारण आठवडाभरात हिरड्या पूर्ववत झाल्या. म्हणजे हिरडीतून रक्त येणं ही गरमी नाही, नजर नाही, वयही नाही. तो साचलेला थर आहे, आणि तो काढता येतो.

वर्षानुवर्षं तसंच राहिलं तर काही जणांत दुसरी पायरी येते. तिला पेरिओडॉन्टायटिस म्हणतात. जुनी माणसं पायरिया म्हणतात, तो हाच. यात हिरडी दातापासून सुटते, खाच खोल होत जाते आणि दात ज्या हाडात रोवलेला आहे ते हाड झिजायला लागतं. दंतवैद्य ही खाच एका बारीक सळईने मोजतात. निरोगी हिरडीत ती एक ते तीन मिलिमीटर असते. अब्बांच्या काही दाढांपाशी ती सात-आठ मिलिमीटर भरली. गेलेलं हाड सहसा परत येत नाही. उपचाराने ते आणखी जाणं थांबवता येतं. म्हणून या आजारात ‘वेळेत’ या शब्दाला किंमत आहे.

यात फसवणारी गोष्ट म्हणजे दुखत नाही. दाढ किडली तर रात्रभर झोप येत नाही, माणूस सकाळी दवाखान्यात पळतो. हिरडीचा आजार गप्प बसून काम करतो. आणि तंबाखू त्याला आणखी गप्प करतो. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या हिरड्यांतल्या रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे आजार आतून वाढत असतानाही रक्त कमी दिसतं. "मी तर ओढतो, माझ्या हिरडीतून थेंबभर रक्त येत नाही," असं कुणी म्हणालं तर त्यावर निर्धास्त होऊ नका.

इथे कुणीतरी हमखास म्हणतं की आमचे आजोबा तंबाखू खायचे, कधी ब्रश धरला नाही, नव्वदीत चणे फोडायचे. खरं असेल. याच हॅरल्ड लो यांनी पुढे श्रीलंकेतल्या चहामळ्यांवरच्या ४८० कामगारांवर १९७० पासून पंधरा वर्षं लक्ष ठेवलं. त्या कामगारांना ब्रशची सवय नव्हती आणि दंतवैद्यही मिळत नव्हता. त्यांच्यापैकी ११ टक्क्यांचा आजार हिरडीच्या सुजेपुढे गेलाच नाही. ८१ टक्क्यांचा हळूहळू वाढला. ८ टक्क्यांचा मात्र झपाट्याने. तुमचे आजोबा त्या अकरांमधले असतील. माझे अब्बा नव्हते. आपण कुठल्या गटातले आहोत हे आरशात पाहून कळत नाही, म्हणून तपासावं लागतं.

आणि हा काही थोड्या लोकांचा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात १०० कोटींहून जास्त लोकांना हिरड्यांचा तीव्र आजार आहे.

आता तोंडाच्या बाहेर येऊ.

मधुमेह आणि हिरड्या यांचं नातं दोन्ही बाजूंनी आहे. रक्तात साखर जास्त असली की जंतूंशी लढणाऱ्या पेशी नीट काम करत नाहीत, जखम लवकर भरत नाही, त्यामुळे हिरडीचा आजार बळावतो. उलट बाजूने, हिरड्यांत सतत सूज असली की त्या सुजेतली रसायनं रक्तात जातात आणि इन्सुलिनचं काम अडवतात, म्हणून साखर आवरत नाही. पू असलेली अशी जखम हातावर असती तर आपण एक दिवसही थांबलो नसतो. तोंडात असते म्हणून वर्षानुवर्षं चालवून घेतो. २०२२ साली ३५ अभ्यास एकत्र तपासून एक आढावा प्रसिद्ध झाला. हिरड्यांवर नीट उपचार केल्यावर मधुमेहींची तीन महिन्यांची साखर, म्हणजे एचबीएवनसी, सरासरी ०.४ ने खाली आली. आकडा छोटा वाटेल. घरात मधुमेह आहे त्यांना विचारा, हा छोटा आकडा कमवायला किती भाकरी सोडाव्या लागतात. आणि आपल्या देशात आयसीएमआरच्या २०२३ च्या पाहणीप्रमाणे १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे.

अब्बांच्या हिरड्या चार बैठकांत साफ झाल्या, तंबाखू सुटली, आणि चार महिन्यांनी त्यांची साखर ९.४ वरून ८.६ वर आली. त्याच काळात एक गोळीही बदलली होती, त्यामुळे सगळं श्रेय मी हिरड्यांना देणार नाही. पण नऊ वर्षांत पहिल्यांदा आकडा खाली आला, एवढं सांगतो.

हृदयाबद्दल जपून बोलायला हवं, कारण मोबाइलवर फिरणारे संदेश जपून बोलत नाहीत. हिरड्यांचा आजार असणाऱ्यांत हृदयविकार जास्त आढळतो, हे खरं आहे. धूम्रपानासारखी दोघांची समान कारणं बाजूला काढली तरी काही संबंध उरतो. पण हिरड्यांवर उपचार केल्याने हार्टअटॅक टळतो, असा पुरावा नाही, असं अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ मध्ये स्पष्ट सांगितलं. म्हणून कुणी दात साफ करून घ्या, अँजिओप्लास्टी टळेल, असं म्हणालं तर विश्वास ठेवू नका. छातीत दुखलं तर हृदयाच्या डॉक्टरकडेच जा.

बहिणींसाठी एक गोष्ट. गरोदरपणात शरीरातल्या बदलांमुळे हिरड्या लवकर सुजतात आणि जास्त रक्त येतं. अनेक घरांत ‘या दिवसांत दाताला हात लावायचा नाही’ म्हणून बाईला नऊ महिने तसंच ठेवतात. हे चुकीचं आहे. गरोदरपणात दात साफ करून घेणं सुरक्षित आहे. गरोदर असल्याचं दंतवैद्याला आधी सांगा, इतकंच.

आता आपल्या परंपरेबद्दल. आपल्या दीनमध्ये तोंडाच्या स्वच्छतेला जी जागा आहे ती सगळ्यांना माहीत आहे. वुजूत चूळ भरणं आहे, आणि नमाजच्या आधी मिस्वाक करण्यावर पैगंबरांनी (स.) किती भर दिला होता हे हदीसमध्ये आलं आहे. मिस्वाक ज्या झाडाची करतात ते पीलूचं झाड. नीट वापरलेली मिस्वाक दातांवरचा थर ब्रशइतकाच काढते, असं काही अभ्यासांत दिसलं आहे. पण ‘नीट’ म्हणजे पुढच्या सहा दातांवरून दोनदा फिरवून खिशात ठेवणं नव्हे. मागच्या दाढा, दातांची आतली बाजू आणि फटी तशाच राहतात. ज्याला मिस्वाक करायची त्याने जरूर करावी, आणि रात्री झोपण्याआधी ब्रशही करावा. सुन्नत स्वच्छतेची आहे. रमजानमध्ये सहरीनंतर आणि रात्री झोपताना दात घासले तर कुठलाच मसला उभा राहत नाही. रोजात टूथपेस्ट वापरावी की नाही, हे आपल्या आलिमांना विचारा, मी त्यात बोलणार नाही.

दुसरी भीती जास्त मोठी आहे. "साफ करून घेतले की दात हलायला लागतात." आमच्या घरातही हेच होतं. खरं असं आहे की हाड झिजल्यामुळे दात आधीच सुटलेला असतो आणि त्याला कीटणाच्या भिंतीने धरून ठेवलेलं असतं. भिंत काढली की तो खरा किती सैल आहे ते कळतं. म्हणून दोष साफसफाईवर येतो. कीटण खरवडण्याची ही कल्पना परकी नाही, नवी तर अजिबात नाही. हजार वर्षांपूर्वी स्पेनमधल्या कॉर्डोबाचे हकीम अबुल कासिम अल-जहरावी यांनी आपल्या ‘अत-तसरीफ’ या ग्रंथात दातांवरचं कीटण खरवडायच्या हत्यारांच्या आकृत्या काढून दिल्या आहेत. कीटण राहिलं तर हिरडी बिघडते, म्हणून ते काढावं, असं त्यांनी तेव्हाच सांगून ठेवलं.

आणि जवळचं उदाहरण हवं असेल तर डॉ. रफिउद्दीन अहमद यांचं घ्या. १८९० साली पूर्व बंगालमध्ये जन्मले, अलीगढला शिकले, अमेरिकेत आयोवा विद्यापीठात दंतवैद्यक शिकून परत आले आणि १९२० मध्ये कोलकात्यात देशातलं पहिलं दंत महाविद्यालय सुरू केलं. पैसे कुठून आणले? आइस्क्रीमचं दुकान चालवून. १९४९ मध्ये ते महाविद्यालय त्यांनी सरकारला देऊन टाकलं. १९६४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. ज्या देशात दंतवैद्यकाची सुरुवात आपल्यातल्या एका माणसाने आइस्क्रीम विकून केली, त्या देशात आपल्या मोहल्ल्यात दंतवैद्याची भीती असावी, हे बरं नाही.

तंबाखूबद्दल दोन वाक्यं. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे आणि पुड्या कुठे मिळतात हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. पण मला बोलायचं आहे ते मशेरीबद्दल. आपल्या कितीतरी आया मशेरीने दात घासतात आणि त्यांना ते व्यसन वाटत नाही, दंतमंजन वाटतं. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखू. हिरडीवर चोळला की निकोटीन तिथूनच रक्तात जातं. म्हणूनच सकाळी ती मिळाली नाही तर डोकं दुखतं. त्यांना हसू नका, ओरडू नका. मजेरीच्या डब्या घरात आणून देणारे बहुतेक वेळा आपणच असतो. आणि निकाहच्या दावतीत पानाच्या तबकात तंबाखू ठेवायची की नाही, हे तर आपल्याच हातात आहे.

घरी काय करायचं ते थोडक्यात. दिवसातून दोनदा, दोन-दोन मिनिटं, मऊ ब्रश. ब्रश हिरडी आणि दाताच्या सांध्यावर तिरका धरायचा आणि हलक्या हाताने फिरवायचा, जोर लावायचा नाही. रक्त आलं तर त्या जागी घासणं बंद करायचं नाही, तीच जागा अस्वच्छ आहे. फटींसाठी दोरा किंवा फटींचा छोटा ब्रश. कोळसा, राख, विटेची भुकटी नको. मीठ घासूही नका. कोमट पाण्यात मीठ टाकून चूळ भरायला हरकत नाही, पण तो उपचार नाही. वर्षातून एकदा तपासणी. मधुमेह असेल किंवा तंबाखू असेल तर दोनदा. कवळी असेल तर रात्री काढून धुवायची.

तुम्ही म्हणाल, पैसे? खरं आहे. बहुतेक आरोग्य विमा पॉलिसींत दातांचे रोजचे उपचार बसत नाहीत. जणू तोंड शरीराचा भाग नाही. पण जिल्हा रुग्णालयात दंत विभाग असतो. मुंबई, नागपूर आणि औरंगाबाद, म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर, इथे सरकारी दंत महाविद्यालयं आहेत. खाजगी दंत महाविद्यालयांच्या रुग्णालयांतही बाहेरच्या दवाखान्यापेक्षा खर्च कमी येतो. वेळ जास्त लागतो, काम मात्र शिक्षकांच्या देखरेखीखाली होतं.

आता मित्राच्या प्रश्नाचं उत्तर देतो. चळवळीचा आणि दातांचा संबंध हा आहे. आपल्या वस्तीतलं आरोग्य केंद्र आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणून ओळखलं जातं. तिथे ज्या बारा प्रकारच्या सेवा द्यायच्या ठरल्या आहेत, त्यांत तोंडाच्या आरोग्याची प्राथमिक सेवा आहे. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची मधुमेह, रक्तदाब आणि तोंडाच्या कर्करोगासाठी तपासणी व्हायची आहे. म्हणजे कर्करोगासाठी तोंड उघडून पाहायचंच आहे. त्याच वेळी हिरडी पाहायला अर्धं मिनिट लागतं. रक्त येतंय का, दात हलतोय का, कीटण आहे का. असेल तर दंतवैद्याकडे चिठ्ठी. यासाठी नवा कायदा नको, नवी इमारत नको.

म्हणून माझा प्रस्ताव असा. आपण तीन-चार जण मिळून आपल्या केंद्रात जाऊ आणि नीट, लेखी विचारू: ही तपासणी इथे होते का? मधुमेहाच्या रुग्णांच्या कागदावर पाय आणि डोळ्यांबरोबर तोंडाची एक ओळ लिहाल का? उत्तर मिळालं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज आपल्याला नवा नाही. दुसरं, शिबिर घेऊ, पण टूथपेस्ट वाटून फोटो काढायचं शिबिर नको. ज्यांना पुढचे उपचार लागतील त्यांची यादी करायची आणि तीन महिन्यांनी प्रत्येकाच्या घरी जाऊन विचारायचं, गेलात का? तिसरं, मक्तबमध्ये मुलांना वुजू शिकवतो तेव्हाच ब्रश कसा धरायचा तेही शिकवू.

अब्बांना आता वरच्या पुढच्या दातांची कवळी बसवली आहे. भाकरी खातात, पण दुधात कुस्करून. ‘फे’ नीट येतो. ‘से’ अजून पूर्वीसारखा नाही, असं ते स्वतःच म्हणतात. मुलं मात्र परत आली नाहीत. ती मोठी झाली, नवी मुलं दुसरीकडे जातात. पंधरा वर्षांपूर्वी बेसिनमधलं ते रक्त पाहून आमच्यापैकी एकाने जरी त्यांना दंतवैद्याकडे नेलं असतं, तर कदाचित आजही मगरिबनंतर आमच्या घरात आवाज असता.

आज रात्री घरी गेल्यावर आरशासमोर तोंड उघडून हिरड्या बघा. मग घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसापाशी बसा आणि विचारा, जेवताना त्रास होतो का? ते म्हणतील, उमर हुई. त्यांचं ऐकू नका.